माझ्या पोटातली सरकी

मित्रांनो, मी फुटबॉल आहे, जुना आहे आणि माझ्यात हवा नाही. हसू नका. हवा काय, कुणातही भरता येते. माझ्यात कापूस आहे, तोही सरकीसकट, म्हणजे बियांसकट. त्या सरकीनं पिंपळगाव राजा ह्या गावच्या पोरींना खामगावच्या इनडोअर स्टेडियममध्ये आधी कसं गोत्यात आणलं आणि मग कसं बाहेर काढलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. सांगताना माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. तो दिवस आठवला की मला आजही स्वस्थ पडून राहवत नाही.

माझा जन्म इकडचा नव्हे. दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात काळ्या-पांढऱ्या तुकड्यांना टाके घालून मला गोल केलं, पोटात फुगा बसवला आणि हवा भरून पाठवून दिलं. खामगावच्या बाजारात एका खेळाच्या दुकानाच्या दाराशी मी जाळीच्या पिशवीत टांगलेला असायचो. तिथून मला पिंपळगाव राजाच्या शाळेनं नेलं. पहिल्या दिवशी काय माझा थाट! प्रार्थनेच्या वेळी मला टेबलावर ठेवलं होतं, फुलदाणीच्या शेजारी. मधल्या सुट्टीत पोरांनी पहिली किक मारली तेव्हा मी शाळेच्या लिंबाच्या वर गेलो. खाली सगळी शाळा 'ओ' करून बघत होती. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार, वरच्या वर.

तसं काही झालं नाही. एका दुपारी कुणीतरी जोरात लाथ हाणली, मी कुंपणापलीकडच्या बाभळीत पडलो आणि एक काटा थेट पोटात गेला. फुस्स झालं आणि खेळ खलास. पोरांनी मला चेपून पाहिलं, कुणीतरी टोपीसारखं डोक्यावर घातलं, सगळे हसले, आणि मी गेलो स्टाफरूमच्या कपाटावर. शेजारी एक सूर गेलेली बाजाची पेटी आणि एक पृथ्वीचा गोल. गोलाचा दांडा मोडलेला. आम्ही तिघं तिथं धूळ खात पडलो. शाळेनं नवा बॉल आणला, त्याच्या टप्प्यांचा आवाज खिडकीतून यायचा आणि मला फार वाईट वाटायचं.

मला खाली काढलं ते पूनमनं. पूनम नववीतली, उंच, हट्टी पोरगी. विज्ञान शिकवणारे चंद्रशेखर सर खेळाचा तासही घ्यायचे. त्यांनी वर्गात सांगितलं होतं की खामगावात जुन्या जिनिंगच्या जागेवर इनडोअर स्टेडियम झालंय, तिथं जानेवारीत मुलींचे फुटबॉलचे सामने आहेत. छताखाली, गुळगुळीत फरशीवर, एका बाजूला पाच जणी. बॉलही वेगळा, जड, फारसा न उसळणारा. पूनमनं विचारलं, आम्ही जाऊ का? सर म्हणाले, पाच पोरी जमव, मग बोलू. तिनं सहा जमवल्या. पण शाळेचा एकुलता एक चांगला बॉल पोरांच्या ताब्यात होता आणि तो देतील तर ती पोरं कसली. तेव्हा तिची नजर कपाटावर गेली.

तिनं मला तिच्या आत्याकडे नेलं. पंचफुलाआत्या गाद्या शिवायची. मोसम कापसाचा होता. घरात पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छताला लागलेला, माणसं बाजूनं अंग चोरून जायची. आत्यानं फाटका फुगा काढून फेकला आणि समोरच्या ढिगातलाच कापूस माझ्यात कोंबायला लागली. गादीला रुई लागते, सरकी काढलेली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण रुई आणायला जिनिंगपर्यंत जावं लागलं असतं आणि पोरगी दारात पाय आपटत होती. गादीवर माणसानं झोपायचं असतं, तिला सरकी टोचते. ह्याला तर लाथाच खायच्या आहेत, असं म्हणून तिनं दाभणानं मला घट्ट शिवून टाकलं. मला राग आला होता. पण खरं सांगू? पोट भरल्याचं समाधान हवेत कधीच नव्हतं.

आता मी उसळत नव्हतो. वरून टाकलं तर थप्प करून पडायचो आणि तिथंच बसायचो. चंद्रशेखर सरांनी मला दोनदा जमिनीवर आपटून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. असाच बॉल लागतो आत खेळायला, ते म्हणाले.

खेळायची जागा म्हणजे इंद्रभानकाकांचं पत्र्याचं शेड. इंद्रभानकाका गावातले मोठे शेतकरी. आवाज असा की ते हॉटेलात चहा मागवायचे आणि बसस्टँडवरच्या माणसाला तलफ यायची. पैज लावायचा त्यांना भारी सोस. त्यांच्या शेडमध्ये पूर्वी कापूस मोजायचे. हल्ली ते रिकामंच होतं. जमीन कोब्याची, गुळगुळीत, चारी बाजूंनी भिंती. पोरींनी खेळायला मागितलं तेव्हा त्यांनी किल्ली फेकली आणि विसरून गेले.

शेडमध्ये दिवा नव्हता. शाळा सुटल्यावर पोरी यायच्या आणि थंडीचे दिवस, लगेच अंधारून यायचं. दारातून जेवढा उजेड येई तेवढाच. आणि इथंच माझ्या पोटातली गंमत सुरू झाली. लाथा खाऊन खाऊन आतला कापूस एका बाजूला दबला, सरकी सुटी झाली आणि मी खुळखुळायला लागलो. पाय लागला की खुळखुळ, घरंगळलो की खुळखुळ. दिसेनासं झालं तरी पोरींना मी कुठं आहे ते ऐकू यायचं. रेणुका तर सगळ्यांत बारकी आणि चपळ. ती मागं न बघताच पाय टाकायची आणि मी नेमका तिच्या पायात. महामाया आणि मंजुश्री भिंतीकडून एकमेकींना द्यायच्या, संजीवनी गोलात उभी राहून डोळे मिटून मला अडवायची. मी पोटभर लाथा खाल्ल्या त्या दिवसांत. इतका आनंद मला लिंबाच्या वर उडतानाही झाला नव्हता.

मग संकट आलं. एका व्यापाऱ्याला हरभरा ठेवायला जागा हवी होती आणि त्यानं इंद्रभानकाकांकडे शेड मागितलं. काकांनी जवळजवळ शब्द दिलाच होता. पूनमला कळलं तशी ती सगळ्या पोरींना घेऊन हॉटेलाशी गेली आणि चारचौघांत म्हणाली की शेड गेलं तर आमचा खेळ बंद पडेल. मैदान पोरांकडे, दुसरं छप्पर गावात नाही. लोक बघत होते. काकांना नाही म्हणवेना आणि हो म्हणायचं नव्हतं. मग त्यांनी आपली नेहमीची वाट धरली.

"कप आणसान तं शेड तुमचं," ते म्हणाले. "नाही आणला तं माहा हरभरा."

सगळं हॉटेल हसलं, कारण पिंपळगावच्या पोरी खामगावातून कप आणतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पूनम हसली नाही. तिनं मान डोलावून 'हाव' म्हटलं आणि पोरींना घेऊन सरळ शेडवर आली.

सामन्यांच्या दिवशी पूनमनं मला पिशवीत घातलं. मी खेळणार नव्हतो, पण माझ्याशिवाय जायचं नाही असं पोरींनी ठरवलं होतं. मित्रांनो, ते स्टेडियम! वर एवढं उंच छत, त्याला पांढरेफेक दिवे, खाली चकचकीत फरशी, तिच्यावर रंगीत रेषा. बूट फिरला की चर्र असा आवाज यायचा आणि तो चारी भिंतींवर आपटून परत यायचा. कडेनं पायऱ्यांवर माणसं, आकडे बदलणाऱ्या लाल पाटीचा उजेड, शिट्टी. आमच्या पोरी दारातच थबकल्या. मी पिशवीच्या तोंडातून बघत होतो. माझ्यात हवा असती तर मी तिथंच फुटलो असतो.

चार संघ होते. आमचा पहिला सामना जानेफळच्या मुलींशी. जिंकणारा अंतिम सामन्यात. शिट्टी वाजली आणि मला वाटलं, आता बघा आमची कमाल. कसलं काय! रेणुकानं मागं न बघता पाय टाकला, बॉल भलतीकडेच. मंजुश्रीनं ज्या दिशेनं दिला तिथं महामाया नव्हतीच. संजीवनीच्या उजव्या हाताखालून एक गेला, मग डाव्या पायाजवळून दुसरा. आमच्या पोरी आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारख्या हात पसरून धावत होत्या. जानेफळच्या मुली काही फार भारी नव्हत्या, आपलं साधं सरळ खेळत होत्या. मध्यंतराला पाटीवर दोन आणि शून्य, शून्य आमचं.

पोरी बाकाशी येऊन बसल्या. कुणी कुणाकडे बघेना. चंद्रशेखर सरांनी विचारलं की काय होतंय, पाय का चुकतायत. मग रेणुका रडवेल्या तोंडानं म्हणाली, "सर, हा बॉल बोलूनच नाही राह्यला."

सर हसले नाहीत. त्यांनी मला पिशवीतून काढलं, एकदा हलवलं आणि त्यांच्या लक्षात आलं. आमच्या पोरी कानानं खेळायला शिकल्या होत्या. तिथला बॉल मुका. कापसाच्या गावात सरकीसकट बॉल भरला की हे असं होतं! दहा मिनिटांत कुणाचे कान बदलत नाहीत. पण पूनम म्हणाली, बॉल बोलत नसेल तर आपण बोलू. जिच्या पायात बॉल, ती तोंडानं सांगेल. जिला हवा, तीही सांगेल. गप्प कुणीच राहायचं नाही.

मग उत्तरार्धात काय किलबिलाट सुरू झाला म्हणता! घे, आला, मांगं दे, भिंतीकडं, माह्याकडं. जानेफळच्या मुली बावरून बघायला लागल्या. पंचांनीही एकदा थांबून कान खाजवला. पण बॉल आता पोरींच्या पायांत फिरायला लागला, खाली खाली, फरशीला धरून, जसा मी शेडमध्ये फिरायचो तसा. एक गेला, दुसरा गेला, आणि शेवटी महामायानं तिसरा मारला तेव्हा मी बाकावरून खाली पडलो. तीन-दोन. आम्ही अंतिम सामन्यात!

ही बातमी फोनवरून गावात गेली आणि गावाला काय झालं कुणास ठाऊक. जे हॉटेलात हसले होते तेच छोट्या हत्ती टेम्पोत दाटीवाटीनं उभे राहून खामगावला आले. गाडी इंद्रभानकाकांची. हरलेल्या पोरींना परत आणायला काहीतरी लागेलच, असं ते म्हणत होते म्हणे. बरोबर तुळशीराम डफडंवाला. पंचफुलाआत्या पुढच्या पायरीवर येऊन बसली. तिनं मला बाकावर पाहिलं आणि माझ्या शिवणीकडे बघून मान हलवली.

अंतिम सामना खामगावच्या संघाशी. त्यांच्या अंगावर एकसारखे कपडे, पायांत आतल्या खेळाचे खास बूट, आणि त्या रोज ह्याच फरशीवर खेळणाऱ्या. तरी आमच्या पोरी भिडल्या. एक त्यांचा, एक आमचा. पुन्हा एक त्यांचा, आणि पूनमनं लांबून मारलेला आमचा. दोन-दोन! प्रत्येक गोलाला गाव असं उसळायचं की छताचे पत्रे थरथरायचे. तुळशीराम डफडं बडवत होता, आणि सगळ्यांच्या वर इंद्रभानकाकांचा आवाज. पोरी हरण्यात आपला फायदा आहे हे माणूस पार विसरून गेलं होतं.

आणि तोच घात झाला. त्या गदारोळात पोरींचं 'घे' आणि 'आला' कुणालाच ऐकू जाईना. रेणुका पुन्हा चुकायला लागली. दोनदा संजीवनीनं अंगावर घेऊन गोल वाचवला, तिचा गुडघा सोलला. आमच्याच गावाचा आवाज आमच्या पोरींच्या कानांत बसला होता. सरांनी पंचांकडे टाइम-आउट मागितला आणि पायऱ्यांकडे वळून दोन्ही हात खालीवर केले, शांत व्हा म्हणून. गावाला वाटलं, सर आणखी जोरात म्हणतायत. तुळशीरामानं डफड्याची लय वाढवली.

तेव्हा पूनमनं मला उचललं. कठड्यापाशी गेली. इंद्रभानकाका पुढंच उभे होते, तोंड लाल, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. तिनं मला त्यांच्या कानाशी धरलं आणि जोरात हलवलं. काकांना काही कळेना. त्यांनी मान वाकडी केली. तिनं पुन्हा हलवलं. मी जिवाच्या आकांतानं खुळखुळत होतो, मित्रांनो. ह्याहून जोरात मी आयुष्यात बोललो नाही. पण त्यांना ऐकू आलं नाही.

"असंच आम्हाले एकमेकीचं ऐकू नाही येऊन राह्यलं, काका," ती त्यांच्या कानात म्हणाली. "गावाले चूप बसवा. मंग आम्ही जिततो."

तिनं मला त्यांच्या हातात दिलं आणि ती परत गेली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग लाल पाटीकडे, दोन आणि दोन. मला त्यांच्या बोटांतून सगळं कळत होतं. त्यांना शेड आठवलं, हरभरा आठवला, व्यापाऱ्याला दिलेला अर्धा शब्द आठवला. नुसतं ओरडत राहायचं होतं त्यांना, बस. कुणी नावं ठेवली नसती, उलट गावात कौतुकच झालं असतं. त्यांची बोटं माझ्यावर घट्ट झाली.

मग ते पायरीवर चढले. त्यांनी तुळशीरामाच्या हातातली काडी काढून घेतली.

"थांब बे. पोरींले ऐकू येऊ दे," ते म्हणाले, आणि एक बोट ओठांवर ठेवून दुसऱ्या हातानं मला उंच धरलं. त्या माणसाला ओठांवर बोट ठेवलेलं गावानं जन्मात पाहिलं नव्हतं. आख्खी पायरी गप्प झाली. मग शेजारची. खामगावचे लोकही काय झालं म्हणून बोलायचे थांबले.

शिट्टी वाजली. आता त्या एवढ्या मोठ्या जागेत फक्त बुटांची चर्र चर्र आणि आमच्या पोरींचे आवाज. मी वर, काकांच्या हातात, मला सगळं दिसत होतं. संजीवनीनं हातानं बॉल टाकला, महामाया म्हणाली आला, मंजुश्री म्हणाली घे, आणि बॉल सुटला तो थेट पूनमकडे. समोर खामगावची गोलकीपर आणि एक उंच मुलगी. पूनमनं पाय उचलला. सगळ्यांना वाटलं आता मारते. तेवढ्यात मागून रेणुकाचा आवाज आला, अगदी बारीक, पण त्या शांततेत लख्ख.

"सोड."

पूनमनं मागं पाहिलं नाही. तिनं दोन पाय फाकवले आणि बॉल खालून जाऊ दिला. गोलकीपरनं पूनमकडे झेप घेतली होती. मागून रेणुका आली आणि तिनं जमिनीला घासून असा मारला की जाळी हलली तेव्हाच लोकांना कळलं.

तीन-दोन. आणि मित्रांनो, आमच्या गावातलं एकही माणूस ओरडलं नाही! काकांचं बोट अजून ओठांवरच होतं. पंचफुलाआत्या पदर तोंडात कोंबून बसली होती. तुळशीराम रिकाम्या हातानं हवेत वाजवत होता. थोडाच वेळ उरला होता, तो सगळा गावानं तसाच काढला, श्वास धरून. शेवटची लांब शिट्टी झाली तरी कुणी हालेना. काकांनी मागं वळून पाहिलं.

"आता काऊन चूप बसले बे?" ते म्हणाले.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मला कुणीतरी वर फेकलं. मी पुष्कळ दिवसांनी वर गेलो, त्या पांढऱ्या दिव्यांच्या जवळ, आणि खाली येईपर्यंत कप पोरींच्या हातात होता.

परतताना गाडीत गाव काकांना चिडवत होतं की आता हरभरा कुठं ठेवणार, उशाला घेणार काय. चिखली फाट्याच्या जवळपास असताना व्यापाऱ्याचा फोन आला. काकांनी सांगितलं की जागा रिकामी नाही, तिथं पोरी खेळतात. एवढंच सांगितलं आणि फोन खिशात टाकला. पूनमनं माझ्यावर हात ठेवला होता. नंतर काकांनी शेडचा एक कोपरा तेवढा आपल्या पोत्यांसाठी मागून घेतला. पोरींनी तो दिला. दिवाही काकांनी लावून दिला, मात्र त्याचं बटण स्वतः दाबायची हौस त्यांना अजून आहे.

जिंकल्यावर शाळेला आतल्या खेळाचा खरा बॉल मिळाला. मला ठाऊक होतं असं होणार. पोरी आता उजेडात, डोळ्यांनी आणि तोंडानं खेळायला लागल्या. मला दाराशी, पाण्याच्या माठाच्या घडवंचीखाली ठेवलं. आधी येता-जाता कुणीतरी थोपटायचं. मग तेही थांबलं. माठ पाझरायचा आणि माझ्या अंगावर थेंब पडायचे. मी भिजलो, फुगलो, माझं खुळखुळणं बंद झालं. नव्या बॉलचा आवाज ऐकत मी पडून राहायचो. कपाटावरचे दिवस आठवायचे, आणि रडू यायचं. पाणी तर आधीच अंगावर होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

उन्हाळा आला. एका सकाळी मला पोटात काहीतरी टोचल्यासारखं झालं, मग शिवणीपाशी. आत्याच्या जाड टाक्यांमधून काहीतरी बाहेर पडू पाहत होतं. दोन दिवसांनी, पाचवीतली एक नवी पोरगी पाणी प्यायला आली, तिनं मला पाहिलं आणि हा सडका बॉल म्हणून पायानं बाहेर ढकलायला निघाली. इंद्रभानकाका दिवा लावायला आले होते. ते वाकले, चष्मा पुसला आणि मला अलगद हातात घेतलं. शिवणीतून कोंब आला होता. सरकीचा. दोन हिरवी, गुबगुबीत पानं, अजून नीट न उघडलेली.

काकांनी सगळ्या पोरींना बोलावलं. मग, त्यांना कुणी कधी ऐकलं नसेल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "आता ह्याले लाथ नका मारू."

माझा जन्मच लाथा खायला झालेला. असं माझ्याबद्दल कुणी बोलेल हे मला कधी वाटलं नव्हतं.

आत्यानं येऊन दोन टाके उसवले, कोंबाला जागा करून दिली. काकांनी पोत्यांसाठी ठेवलेल्या कोपऱ्यात, खिडकीखाली, माती भरलेल्या घमेल्यात मला बसवलं. ह्या शेडमध्ये त्यांना पीक ठेवायचं होतं ना, ते हे ठेवलं. पोरी खेळताना बॉल इकडे आला की रेणुका जिवाच्या करारानं मध्ये पडते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत एखादं कपाट असेल आणि त्याच्यावर माझ्यासारखा कुणी धूळ खात पडला असेल. त्याला खाली काढा. पुसा. कानाशी धरून एकदा हलवा, आणि जरा वेळ चूप बसून ऐका.